किळस नीट आली पाहिजे

"भीती नकोय मला, किळस हवीय," दिग्दर्शक गफनी म्हणाला. "भीती काय, दिवे गेले तरी वाटते."

मॉरीन सकाळपासून किंचाळत होती. घसा पार बसला होता. टेम्स नदीकाठच्या त्या जुन्या बंगल्यात सिनेमाच्या शेवटाचं शूटिंग चाललं होतं. पोरींचं रक्त पिऊन दोनशे वर्षं चिरतरुण राहिलेला डॉक्टर आरशात पाहतो आणि बघता बघता नासत जातो. ते पाहून त्याच्या प्रेयसीनं, म्हणजे मॉरीननं, शिसारी येऊन किंकाळी फोडायची. जमलं तर पोस्टरवर नाव. नाही जमलं तर मेकपच्या खोलीत दुसरी एक पोरगी तसलाच झगा घालून बसलीच होती, आणि हे गफनी येता-जाता ऐकवत होता.

पण किळस यावी कशी? समोर होता म्हातारा विल्फ. डॉक्टरचं काम खरं तर लायोनेल स्ट्रेकचं. मोठा नट, साठी उलटलेली. आपला चेहरा पडद्यावर म्हातारा दिसणार नाही, असं त्यानं करारातच घालून घेतलेलं. अमर होण्यापुरता लायोनेल आणि नासण्यापुरता विल्फ, अशी वाटणी. विल्फच्या तोंडावर न् हातांवर डिंक, लापशी आणि खाटकाकडची आतडी थापली होती. दिव्यांच्या धगीनं त्यांना वास सुटला होता. हातात आरसा धरून तो गरीब बिचारा तसाच उभा होता. त्या सगळ्या घाणीतून त्यानं एक डोळा मिचकावला आणि हळूच म्हणाला, "चहात मध घालून घे गं पोरी, घसा सुटेल."

झालं. मॉरीनला हसूच फुटलं.

गफनीनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या पोरीला बोलवायला सांगितलं. तेवढ्यात लायोनेल खुर्चीतून उठला. नवखी आहे बिचारी, आपण जवळ उभे राहिलो तर तिला धीर येईल, असं त्याचं म्हणणं पडलं.

हा धीर तो पहिल्या दिवसापासून देत होता. चुंबनाचा शॉट मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे पुन्हा घ्यावा लागे. तोंडात कायम व्हायोलेटच्या फुलांच्या सुगंधी गोळ्या, आणि त्या वासाखाली कवळीचा आंबूस वास. सगळ्यांना ठाऊक होतं. पण नेमक्या वेळी सगळ्यांना वायरी गुंडाळायचं काम निघायचं.

तो मॉरीनला चिकटून उभा राहिला, कॅमेऱ्यात येणार नाही असा. कॅमेरा सुरू झाला. त्याचा हात तिच्या पाठीवरून खाली सरकला. मग तो व्हायोलेटचा वास कानाशी आला.

"तुमच्यासारख्या पोरींमुळेच तर मी तरुण राहतो."

मॉरीन किंचाळली. छताशी बसलेली कबुतरं उडाली.

"हेच, हेच म्हणत होतो मी," गफनी खूश झाला. "लायोनेल, मानलं तुम्हाला."

"शिकवावं लागतं, बाबा," लायोनेल म्हणाला.

आता हाच शॉट जवळून घेऊ, असं गफनीनं सांगितलं. लायोनेलनं तिथंच उभं राहायचं.

मॉरीननं झग्याच्या बाहीनं कान पुसला. पुन्हा पुसला. समोर विल्फ आता डोळे मिचकावत नव्हता. लायोनेलचा हात तिच्या पाठीमागं कुठवर सरकला ते त्याला समोरून कळलं होतं.

"मिस्टर गफनी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ते इथं नकोत. विल्फच्या शेजारी उभं करा त्यांना. त्यांचं तोंड समोर दिसलं की मला जास्त चांगलं जमेल."

कुणीतरी खाकरलं. गफनीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा लायोनेलकडं. पण त्याला शॉट हवा होता. लायोनेल तर फुशारूनच पुढं आला आणि आपली चांगली बाजू तिच्याकडं करून उभा राहिला.

कॅमेरा सुरू झाला. मॉरीन किंचाळली नाही. नुसती बघत राहिली. धगीनं लायोनेलच्या केसांचा कलप सुटला होता, कानशिलावरून काळा ओघळ पांढऱ्या कॉलरवर उतरत होता. तिचे ओठ आक्रसले, नाकपुड्या आवळल्या गेल्या. उकिरड्यात पाय पडावा तसं तिचं तोंड झालं आणि तसंच राहिलं. कॅमेरावाल्यानं डोकं वर काढलं. वायरी गुंडाळणारे थांबले, आणि ती जिकडं बघत होती तिकडं तेही बघू लागले. गफनी कट म्हणायचं विसरला.

लायोनेलचं हसू थोडा वेळ टिकलं. मग त्यानं गालावरून हात फिरवला.

"काय झालं? माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

विल्फनं आपला सडका हात लांब केला आणि आरसा त्याच्यासमोर धरला.