भरवशाचं माणूस

"आई, तू बस," लेक म्हणाली.

आई म्हणजे याच शाळेतल्या गणिताच्या बाई. शाळेचं वर्कशॉप पालकांनी भरलं होतं आणि मधोमध लेकीने बनवलेली खुर्ची होती. सुतारकामाच्या सरांची पद्धत ठरलेली. खुर्ची ते स्वतः तपासत नसत. बनवणाऱ्याने आपल्या भरवशाचं माणूस बसवायचं आणि त्या माणसाने मागे रेलायचं. खुर्ची टिकली तर पुढच्या वर्षी अर्धा दिवस वर्गात, अर्धा दिवस वर्कशॉपमध्ये. मोडली तर नुसती पुस्तकं.

बाईंना नुसती पुस्तकंच हवी होती. गणितात शाळेत पहिली येणारी पोर, आणि रंधा मारत बसणार? समजावून झालं, रागावून झालं, शेवटी बाईंनी अबोला धरला. पोरगी ऐकेल तर शपथ. तिचं आपलं एकच पालुपद, "मला दोन्ही हवंय, आई."

म्हणून काल शेवटचा तास आटोपून, फळा पुसून बाई तशाच इथे आल्या होत्या. कुणी नव्हतं. भिंतीवरचा पाना घेऊन त्यांनी खुर्चीच्या मागच्या पायांचे बोल्ट सैल केले आणि पाना होता तिथे टांगला. मधोमध मांडायला सरांनी खुर्ची उचलली की ती डुगडुगेल, ते ती बाजूला ठेवतील, कुणाला लागणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. पोरीच्या भल्यासाठीच तर करतेय, असं स्वतःला बजावत त्या घरी गेल्या.

आज सरांनी खुर्चीला हातही लावला नाही. आणि एवढा अबोला धरूनही भरवशाचं माणूस म्हणून लेकीला आईच आठवली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाठ दुखतेय म्हणून सुटता आलं असतं. पण कानावर पेन्सिल खोचून लेक वाट बघत उभी होती. बाई पुढे गेल्या, पदर सावरला आणि बसल्या. म्हणजे बसल्यासारखं केलं. सगळा भार त्यांनी स्वतःच्या पायांवर तोलून धरला. खुर्ची मोडू नये, एवढंच आता त्यांना हवं होतं. काल मोडायला निघालेली बाई आज तीच खुर्ची मांड्यांवर पेलत होती.

"बाई, रेला की मागे," सर म्हणाले.

बाईंनी पाठ टेकवल्यासारखं केलं. गुडघे लटपटायला लागले. कपाळावर घाम आला. मागे कुणीतरी हसलं, "बाई स्वतःच्याच पोरीच्या खुर्चीला घाबरतात." खरंच होतं ते. फक्त का घाबरतात, हे एकट्या बाईंना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

लेक पुढे आली. आईचा पदर नीट करायच्या निमित्ताने वाकली आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली,

"अंग सोड आता, आई. बोल्ट मी सकाळीच आवळलेत. पान्यावर खडूची बोटं होती."