उंदरांच्या मॅडम

स्कॅनच्या गार फळीवर मी आडवी झाले आणि दात वाजायला लागले. पोटातली गाठ कसली, ते आज कळणार होतं.

निवृत्तीपर्यंत असल्याच एका छोट्या यंत्रात मी उंदरांचे स्कॅन केले. विद्यापीठातलं ते संशोधन माझ्याकडे होतं. नवी औषधं माणसांआधी तिथे तपासली जायची. भुलीखाली जीव गारठतो, म्हणून आधी पांघरूण शेकायचं, तळवे चोळायचे, मगच उंदराला हात लावायचा, हा माझा नियम. विद्यार्थी वैतागायचे.

"मॅडम, उंदीरच आहे तो."

"म्हणूनच. थंडी वाजतेय, हे त्याला सांगता येत नाही."

इथल्या तंत्रज्ञ मुलीने शेकलेलं पांघरूण माझ्यावर घातलं, तळवे चोळले आणि मगच सुईसाठी माझा हात धरला.

"हे कुणी शिकवलं गं?"

"आमच्या सरांनी. त्यांना शिकताना कुणी उंदरांच्या मॅडम होत्या म्हणे. भारी कटकट्या."

"होत्या खऱ्या," मी म्हटलं.

"काकू, आता अजिबात हलायचं नाही हं."

फळी आत सरकली. डोळ्यांतलं पाणी ओघळत कानापर्यंत गेलं. मी हलले नाही.