माईकमधले उतरलेले सेल

बोलक्या कॅल्क्युलेटरमधली बाई "सेव्हन" म्हणायला गेली आणि मधेच घोगरी झाली. "से...व्ह..." एवढं म्हणून ती थांबली.

प्रार्थनाने बटण पुन्हा दाबलं. आवाज नाही. शेजारी पेन धरून बसलेल्या रेश्माने तिच्याकडे पाहिलं. रेश्मा नववीतली, अंध प्रार्थनाची लेखनिक. सांगेल तेवढंच लिहायचं, आकडेमोडीत तोंड उघडायचं नाही, असा तिला नियम; आकडेमोडीसाठी बोलका कॅल्क्युलेटर बोर्डाने प्रार्थनाला मंजूर केलेला.

खिडकीबाहेर व्हरांड्यात उभा असलेला बेंजामिन गजांशी सरकला. दहावीचा गणिताचा पेपर सुटून श्रीगोंद्यातली ती शाळा रिकामी झाली होती. पावणेदोनपर्यंत जादा वेळ होता तो एकट्या त्याच्या लेकीला, म्हणून ही एक खोली चालू होती. एवढी शांतता, की व्हरांड्यातल्या घड्याळाची टिकटिक आतपर्यंत ऐकू येत होती. गणितात प्रार्थना गेल्या वर्षीही राहिली होती. याही खेपेला राहिली तर नगरच्या वसतिगृहातली जागा जाणार आणि पोर जन्मभर घराच्या ओट्यावर बसणार.

"पप्पा," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सेल नवे टाकले होते ना?"

नवे सेल बेंजामिनने आणले होते, त्यात खोटं नाही. पण काल ईस्टरआधीच्या उपासकाळाची प्रार्थनासभा होती आणि चर्चचा माईक त्याच्या ताब्यात. बिनवायरचा माईक सेल नुसते खातो, आणि पाळकसाहेबांचा आवाज उपदेशात बसला की सगळी मंडळी मान वळवून बेंजामिनकडे बघते. म्हणून दर सभेला नवे सेल माईकला आणि माईकमधले उतरलेले घरी. रिमोटला, घड्याळाला ते पुढे कितीतरी दिवस पुरतात. फरशी बसवताना चौरस फूट काढायचा त्याचा स्वतःचा कॅल्क्युलेटर तर एकाच सेलवर वर्षानुवर्षं चाललाय. कॅल्क्युलेटरचं पोट ते केवढं, असं त्याचं पक्कं मत, म्हणून लेकीच्या कॅल्क्युलेटरमध्येही तेच उतरलेले घातलेले. हा कॅल्क्युलेटर बोलतो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मॅडम, दोन मिन्टं द्या. सेल आनतो."

"कुठून आणाल?" पर्यवेक्षक पुष्पावती मॅडम म्हणाल्या.

कॉपीमुक्तीच्या हुकमानं शाळेभोवतालची सगळी दुकानं बंद होती. पेठेत जाऊन येईपर्यंत वेळ संपला असता. बेंजामिनने इकडेतिकडे पाहिलं, व्हरांड्यातलं बाक ओढलं, वर चढला आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. मॅडमनी पाहिलं. घड्याळ त्याने पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि सेल गजांतून आत दिला. मॅडमनी स्वतः तो एका जुन्या सेलच्या जागी बसवला.

"से..." बाई म्हणाली आणि कायमची गप्प झाली.

"घड्याळाला काटा ढकलन्यापुरतं लागतं," बेंजामिन गज धरून पुटपुटला. "बोलायला लई लागतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बाळा."

"असू द्या, पप्पा."

प्रार्थना बोटांवर करू लागली. गुणाकार अर्ध्यावर आला की मागचा आकडा निसटायचा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला ती शेजारी वळली. "रेश्मा, हातचा किती म्हणाले गं मी?"

रेश्माला माहीत होतं. तिने ओठ दातांखाली धरला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली. प्रार्थनाने तळव्यांनी तोंड पुसलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली. बेंजामिनला ते बघवेना. देवाकडे काय मागावं तेही त्याला सुचेना.

या वेळी गुणाकार शेवटाला गेला. तिने उत्तर सांगितलं, रेश्माने लिहिलं. पुढचं गणित सुरू झालं.

मग व्हरांड्यात चपला वाजल्या. शिपाई आसाराम दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, टाइम झाला. पेपरांचा गठ्ठा सील करायचाय, साहेब थांबल्यात."

प्रार्थनाची बोटं जागच्या जागी राहिली. "मॅडम, अजून दोन गणितं आहेत," ती म्हणाली. "किती वाजले?"

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पदराखाली घेतलं आणि खिडकीतून व्हरांड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"एक वीस," त्या म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं आहेत अजून. आसाराम, तुम्हीच बघा."

आसारामने घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिडकीशी उभ्या बेंजामिनकडे पाहिलं आणि परत जागेवर ठेवायला विसरलेल्या त्या बाकाकडे.

"व्हय," तो म्हणाला, "एक वीसच झाल्यात," आणि बाकावर जाऊन बसला.

प्रार्थनाने मान तिरकी करून व्हरांड्याकडे कान दिला. थोडा वेळ ती तशीच ऐकत राहिली. टिकटिक कुठेच नव्हती.

"लिही, रेश्मा," ती म्हणाली.