बेल्ट बदलल्याशिवाय

"बेल्टचं काय झालं मग?" फोन उचलल्या उचलल्या आबांनी विचारलं.

"अजून नाही बदलला," हर्षद म्हणाला. "गॅरेजवाल्याला वेळ नाहीये."

"मग र्‍हाऊ दे. घाय करू नुको. घाटात तुटला तं इंजिन जाईल. मी बरा हाय हितं. हाकेला शेजारची गंगुबाई हाय."

"जेवलात?"

"होय तर. कुळथाची पिठी, भात."

हर्षदने फोन ठेवला. ज्या बापाने जन्मात चूल पेटवली नव्हती, तो सत्तरीत पिठी करायला शिकला होता. त्या दिवशी हर्षदला जेवण गेलं नाही.

खाली बिल्डिंगच्या आवारात त्याची जुनी गाडी उभी होती. जुनी, पण धुतलेली, चकचकीत. गेल्याच महिन्यात तो बायको नम्रता आणि लेक सानवी यांना घेऊन गणपतीपुळ्याला जाऊन आला होता. तेव्हा बेल्ट त्याला आठवलासुद्धा नव्हता.

टायमिंग बेल्टची गोष्ट तशी अगदीच खोटी नव्हती. गाडी चालली होती जेमतेम साठ हजार किलोमीटर, आणि बेल्ट म्हणे लाखाला बदलायचा. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात, असं साळवी स्टॉपचा गॅरेजवाला सुजय दर सर्व्हिसिंगला बजावायचा. "एक दिवस न सांगता तुटेल, आणि व्हॉल्व वाकवून ठेवेल." हर्षद नुसती मान डोलवायचा. एकदा गावी न जाण्याचं कारण देताना हे वाक्य त्याच्या तोंडी आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. आयतं निमित्त सापडलं की माणूस ते सहसा टाकून देत नाही.

आईच्या बाराव्याला त्याने आबांना शब्द दिला होता. "पंधरा दिवसांत येतो, आबा, आणि तुम्हाला रत्नागिरीला घेऊन जातो." मग एका बेडरूमच्या घराची अडचण आठवली. मग सानवीची दहावी आली. वर्षश्राद्धाला तो सकाळी गेला आणि संध्याकाळी परतला. आबांनी विषय काढला नाही, याने तर नाहीच नाही. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं.

देवरुखपर्यंत एसटी होती, पुढे वाडीपर्यंत रिक्षा. पण एसटीचं नाव हर्षदने कधी घेतलं नाही आणि आबांनीही घेतलं नाही. म्हातारा आपल्याला सांभाळून घेतोय, हे त्याला कळायचं आणि तेच जास्त लागायचं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका सोमवारी आबांनी फोनच उचलला नाही. दिवसभर हर्षदचं कचेरीत लक्ष नव्हतं. संध्याकाळी एकदाचा फोन लागला.

"तालुक्याला गेलेलो," आबा म्हणाले.

"कशाला?"

"असंच. काम होता जरा."

"डॉक्टरकडे गेला होतात का? खरं सांगा."

"नाय रे." आणि मग घाईघाईने, "बेल्टचं काय झालं?"

नम्रता शेजारी उभी राहून ऐकत होती. "आजारी असतील," ती म्हणाली. "तुला सांगत नाहीत, कारण तू येणार नाहीस हे त्यांना कळून चुकलंय. आता तरी जा. एसटीने जा, नाहीतर चालत जा."

"गाडीनेच जाईन," हर्षद म्हणाला. "आणि रिकामा येणार नाही."

दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी सुजयकडे नेली. सुजयने कव्हर उघडलं आणि जुना बेल्ट काढून त्याच्या हातात दिला. दातांच्या मुळाशी भेगा पडल्या होत्या.

"साहेब, नशीब समजा. हा घाट चढला नसता."

इतके दिवस मारलेली थाप खरी निघाली होती. याच बेल्टवर आपण बायकोपोरीला पुळ्याला नेलं, हे मनात येऊन हर्षद भेगांवरून बोट फिरवत राहिला. वरून सगळं ठीक दिसत होतं म्हणून आपण बघितलं नाही. आबाही 'बरा हाय' म्हणतात, आणि आपण तेही बघायला गेलो नाही. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शनिवारी त्याने गॅलरी बंद करून घेतली आणि तिथे कॉट टाकली. सानवीने आपल्या हाताने उशीला नवा अभ्रा घातला. आबांना त्याने कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी पुन्हा नको म्हटलं असतं, आणि आपण पुन्हा ऐकलं असतं, याची त्याला खात्री होती.

रविवारी सकाळी तो निघाला. हातखंब्याच्या पुढे गाडी चढ चढत होती आणि तो मनाशी वाक्यं जुळवत होता. आबा, चुकलो. आबा, चला घरी.

घरापुढचं खळं ताजं सारवलेलं होतं. तुळशीपुढे रांगोळी होती. एकटा म्हातारा एवढं सगळं करतो, हे बघून हर्षदला भरून आलं. आबा पडवीत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा सदरा. त्याला बघताच ते ताडकन उठले आणि त्यांचा चेहरा पडला.

"गाडीनं आलास?"

"होय आबा. बेल्ट बदलला." हर्षदने त्यांचे पाय धरले आणि त्याला रडूच फुटलं. "चुकलो, आबा. फार उशीर केला. तुम्हाला घेऊन जायला आलोय."

आबांचा हात त्याच्या डोक्यावर आला, पण नजर आतल्या दाराकडे लागली होती.

"अवो, कोन आलाय?" म्हणत, पदराला हात पुसत, शेजारची गंगुबाई आबांच्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि गळ्यात कोरं करकरीत मंगळसूत्र.

आबांनी मान खाली घातली.

"इतक्यात कशाला बदललास रे?" ते पुटपुटले. "अजून वरीसभर चालला असता."