तिसऱ्या खाटेजवळचा डाग

"औषध लावून तो डाग काढून टाक, मग काच पेटीत ठेव," केळुसकर सर जाता जाता म्हणाले.

विशाखानं कापूस उचलला, पण हात पुढं जाईना. काचेवरच काढलेला तो जुना फोटो इंग्रजी अमदानीतल्या प्लेगच्या इस्पितळाचा होता. खाटांची रांग, मधोमध ताठ उभी गोरी नर्स आणि तिसऱ्या खाटेजवळ धुरासारखा पांढुरका डाग. संग्रहालयात सगळे त्याला बुरशीच म्हणत. पण बुरशी खाटेच्या मागं कशी जाईल? डागापुढं खाटेचा लोखंडी गज लख्ख दिसत होता.

तिनं काच उलगडयंत्रात सरकवली. त्या काचेवर फोटो उमटायला वीस सेकंद लागले होते. यंत्रानं ते एकमेकांवर साचलेले सेकंद सुटे केले आणि पडद्यावर इस्पितळ हलू लागलं.

नर्स पुतळ्यासारखी उभी होती. रोगीसुद्धा श्वास रोखून पडले होते. डागाच्या जागी मात्र पांढऱ्या लुगड्यातली एक आया वाकून रोग्याला वारा घालत होती. कडेनं कुणीतरी हात करून तिला फोटोसाठी न हलता थांबायला सांगितलं. तिनं तिकडं एकदा पाहिलं आणि पंखा हलवतच राहिली.

"निघाला का डाग?" सरांनी दारातून विचारलं.

"सर, हजेरीची जुनी पुस्तकं कुठं आहेत? हिचं नाव शोधायचंय."

सर पडद्यापाशी आले. वीसच्या वीस सेकंद त्यांनी दोनदा पाहिले, मग खुर्ची ओढून बसले.

"एवढ्या वर्षांत," ते हळूच म्हणाले, "असे किती डाग पुसले गं मी?"