राखणीला काका

मतदान संपलं होतं. शाळेच्या वर्गात आता दोन मडकी होती आणि त्यांच्या राखणीला एकटे श्रीधर कानिटकर.

बायका बाहेर अंगणात मुरमुरे खात बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध कानिटकरांच्या ऑफिसातली नूपुर. काय बोलत होती देव जाणे, पण दर दोन मिनिटांनी हशा पिकत होता. कानिटकरांची कोलकात्याला बदली होऊन अकरा वर्षं झाली, तरी आकड्यांपलीकडे बंगाली काही आली नाही. ही पोरगी जन्मलीच इथे. मराठी अडखळत, बंगाली घडाघडा. सॉल्ट लेकच्या ऑफिसात सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. ही बया मात्र ‘काका’. का, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हिच्या आईवडिलांची ओळख! त्या ‘काका’चाही त्यांना राग यायचा.

राग तरी कसला म्हणा. जळत होते, सरळ जळत होते.

बजबजच्या पुढे नदीकाठी असलेल्या या गावात वीज होती, पण वादळ झालं की आठ-आठ दिवस जायची. म्हणून शाळेच्या छपरावर सौर पॅनल बसणार होते. ती वीज कुणाला द्यायची, हे गावानंच ठरवायचं. ऑफिसनं दोन योजना पुढे ठेवल्या. कानिटकरांची, घरटी एक दिवा आणि एक पंखा. नूपुरची, सगळी वीज मासळीच्या शीतगृहाला. एका मडक्याला लाल दोरा, दुसऱ्याला पिवळा. दर घरच्या बाईनं एक चिंचोका टाकायचा. ही कल्पनाही तिचीच. “हा काय भोंडला आहे?” असं कानिटकर साहेबांपुढे म्हणाले होते. साहेब हसले नव्हते. आज सकाळी तिनं बायकांना सगळं बंगालीत समजावलं, तेव्हा कानिटकर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते.

निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या योजना तपासल्या, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. एक तरी गाव आपल्या कागदाप्रमाणे उजळावं, बस्स, एवढंच मागणं होतं. आणि तिच्याकडे बघा! गेल्या वर्षी तिचा प्रस्ताव दिल्लीला गेला, त्याच्या आदल्या वर्षी बक्षीस मिळालं. वय काय, तर एकतीस.

ते उठले. नुसतं डोकावून बघायला. पिवळ्या दोऱ्याच्या मडक्यात चिंचोक्यांचा चांगला थर. लाल दोऱ्याच्या मडक्यात तळाशी पाच-सहा चिंचोके. बस, मोजायचीही गरज नव्हती. आठवडाभर गावात राहिली काय, भात-मासे खाल्ले काय, बायकांना नादी लावलं काय! झालं, पुन्हा तीच.

हात आपोआप गेला, असं म्हणायला त्यांना आवडलं असतं. पण आधी त्यांनी दाराकडे बघितलं. मग बाही वर केली. पिवळ्यातले मूठभर चिंचोके उचलून लालमध्ये टाकले. मग आणखी एक मूठ. थोडे पिवळ्यात राहू दिले. फार मोठा विजय शोभला नसता.

मोजणी बचत गटाच्या शेफाली मंडलनं केली, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. लाल त्रेचाळीस. पिवळे एकोणीस.

कानिटकरांच्या जिवात जीव आला. त्यांनी चेहऱ्यावर थोरपण आणलं. “वाईट वाटून घेऊ नकोस, नूपुर,” ते म्हणाले. “तुला पुढे पुष्कळ संधी आहेत.”

टाळ्या मात्र कुणीच वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेफाली नूपुरच्या कानाशी लागून काहीतरी तावातावानं सांगू लागली.

“मला कशाला वाईट वाटेल, काका?” नूपुर म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “लाल माझं, सकाळीच सांगितलं होतं ना. मी जिंकले.”

कानिटकरांनी दोन्ही मडक्यांच्या दोऱ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

“पण हे असं होऊच नाही शकत. आठवडाभर मी इथं राहिले ना, तेव्हाच मला कळलं. वादळात ह्यांना पहिला घरात दिवा पाहिजे. तुमचंच बरोबर होतं. काल घरोघर विचारलं, तर सगळ्या तुमचंच नाव घेत होत्या. साहेबांना पण मी कळवून टाकलं, की हे गाव कानिटकरकाकांचं. आणि आता ह्या सगळ्या म्हणतात, आम्ही तर पिवळ्यातच टाकलं!”

तिनं पिवळं मडकं उचललं, आत बघितलं आणि खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानं.

“कुणीतरी हात घातलाय ह्यात. तुम्ही तर इथून हललाच नाहीत. कोण आलं होतं आत? नाव सांगा, काका. तुमच्याशी असं वागणाऱ्याला मी सोडणार नाही.”