उभं राहण्याची सोय

"शहराचं हृदय आजपासून पुन्हा धडधडणार आहे!" असं चौकातल्या भोंग्याने जाहीर केलं, आणि त्याच क्षणी दत्तोबा लोणारी पाय न हलवता बसथांब्याकडे निघाले.

खालची फरशी सरकत होती. चौकात गर्दी तुंबू नये, व्यापार वाहता राहावा, म्हणून नूतनीकरणात ती नव्याने बसवली होती. हातात विकत घेतलेलं काही असेल तर ती थांबायची. नुसत्या उभ्या माणसाला मात्र अलगद कडेला नेऊन सोडायची.

समोर शकूर बागवान तसेच उलट्या दिशेला वाहत चालले होते. रोज संध्याकाळी दोघं इथंच उभं राहून भांडत. उद्या शकूर कायमचे मुलीकडे नागपूरला जाणार होते.

"शकूर, पळत ये इकडं!"

"माझ्या गुडघ्याला विचार!"

दत्तोबांनी धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं. आता दोघंही सरकू लागले. चौकाच्या व्यवस्थापिका हसत आल्या. "काका, एक कॉफी घ्या ना. फरशी लगेच थांबेल."

दत्तोबांचं डोकंच फिरलं. "माझ्या बापानं या चौकासाठी खडी फोडलीय! मी इथं फुकट उभा राहीन, फुकट भांडीन! दोस्ताला निरोप द्यायला गिऱ्हाईक व्हायचं? हे गाव आहे का दुकानाची फळी?"

सरकता सरकता लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शकूरनी दत्तोबांच्या कानाशी तोंड नेलं. "भाषण झकास झालं. आता एक कॉफी घे, साखर जास्त सांग. एका कपावर दोघं उभे राहू."